तळातल्या झऱ्यांसाठी

नारायणा, चातुर्मास चालू आहे. आषाढी झाली, तू शेषावर निजलास, आणि कार्तिकीपर्यंत तुला उठवायचं नाही असा आमच्याकडे रिवाज आहे. तरी बोलते. जे सांगायचं आहे ते तुझ्याच अंथरुणाखालचं आहे.

बंगालच्या उपसागरात, आंध्रच्या किनाऱ्यापासून आत, कृष्णा आणि गोदावरी जिथे आपलं ओझं उतरवतात, तिथे समुद्राच्या तळातून मिथेन वायू वर येतो. ९०० ते १८०० मीटर पाण्याखाली. ऊन तिथे कधी पोचलेलं नाही. गाळाला भेगा आहेत, भेगांतून बुडबुडे निघतात आणि एकामागून एक वर चढत जातात. कुणी विहीर खणलेली नाही, कुणी नळ बसवलेला नाही. तुझा तू चालवतो आहेस हा कारभार, आणि आम्हाला त्याची खबर अगदी परवा लागली.

खबर आणली गोव्याच्या लोकांनी. दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, तिचं ‘सिंधु साधना’ नावाचं जहाज आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी २०१९ साली जाहीर केलं की भारताच्या हक्काच्या सागरी क्षेत्रात असे वाहते झरे, आणि त्यांच्या आधाराने जगणारी वस्ती, पहिल्यांदाच सापडली आहे. सापडण्याची रीत ऐक, तुला गंमत वाटेल. जहाजावरून खाली ध्वनी सोडतात. तो तळावर आपटून परत येतो, त्यावरून खोली कळते. पण मध्ये पाण्यात वायूचे बुडबुडे असले तर ध्वनी त्यांच्यावरूनही उलटतो, आणि पडद्यावर तळातून उभी राहिलेली ज्योत दिसते. जहाजावरची मंडळी तिला ‘फ्लेअर’च म्हणतात. खाली आग नाही, उजेड नाही, पाणी थंडगार; वर पडद्यावर मात्र ज्वाळा.

आता वडवानल तो हाच, आमच्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं, असं सांगणारे निघतील. त्यांना तेवढं तू आवर. पूर्वजांनी समुद्राच्या पोटात घोडीच्या तोंडाची आग कल्पिली ती भयातून आणि कवितेतून, आणि तेवढ्यावरही ती थोरच आहे. पण बोटीच्या हेलकाव्यात उभं राहून गाळात नळी रोवणाऱ्या, ती ओढून वर घेणाऱ्या आणि चिखल हुंगून बघणाऱ्या माणसांचे कष्ट दुसऱ्याच कुणाच्या नावावर जमा होऊ देऊ नकोस.

मी नाशिकची, म्हणून या बातमीत माझा जीव अडकला. आमच्याकडे पुराचं माप दुतोंड्या मारुतीवर घेतात: पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं. श्रावणात गोदेला येतं ते पाणी गढूळ, जड असतं. ब्रह्मगिरीचा आणि घाटमाथ्याचा दगड झिजून झालेली माती त्यात असते, आणि मातीबरोबर पानं, मुळ्या, काटक्या, शेतातलं खत, घाटावरची फुलं, सगळंच. ते पाणी पैठणला नाथांच्या दारावरून, गंगाखेडला जनाबाईच्या गावावरून, नांदेडवरून पुढे जातं. राजमहेंद्रीला नदी रुंदावते, खाली तिला फाटे फुटतात, आणि त्यातला वसिष्ठा नावाचा फाटा अंतर्वेदीला, तुझ्याच नरसिंहरूपाच्या देवळापाशी, समुद्राला मिळतो. आम्ही काठावरचे लोक तिथे थांबतो. नदी संपली असं धरून चालतो. पण तिने आणलेला गाळ उतारावरून आणखी खाली सरकतो, थरावर थर बसतो, लाखो वर्षं बसतच राहतो. म्हणजे तुझ्या त्या तळाला सह्याद्री आहे, नारायणा. दख्खनच्या काळ्या दगडाची माती तिथे पसरली आहे, आणि महाबळेश्वरहून निघालेल्या कृष्णेनेही आपला वाटा शेजारीच आणून टाकला आहे.

हल्ली गोदेचा गाळ पूर्वीच्या निम्म्याहूनही कमी पोचतो, नाथसागरासारख्या जलाशयांत तो अडून बसतो. पण आज जो वायू वर येतो आहे तो धरणांच्या आधीचा आहे, घाटांच्या आणि कुंडांच्याही आधीचा. ती पानं कुणी वाहिलेली नव्हती. झाडावरून गळली आणि नदीने नेली. त्यांच्या जोडीला समुद्राच्या वरच्या थरात उन्हात जगून मेलेल्या सूक्ष्म वनस्पतीही आहेत, त्यांना विसरून सगळं श्रेय आमच्या नदीला देणार नाही. दोन्हीचं निर्माल्य तळाला गेलं, आणि तू ते वाया जाऊ दिलं नाहीस.

पान गाळात पुरलं गेलं की आधी प्राणवायू संपतो. मग पाण्यातलं सल्फेट संपतं. आणि जेव्हा श्वासाला काहीच उरत नाही, तेव्हा तुझे सगळ्यात जुने चाकर कामाला लागतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कृष्णा-गोदावरीच्या गाळातले हे मिथेन करणारे जीव तपासले. त्यांत ‘मिथॅनोसार्सिना’ नावाच्या वंशाचे जास्त भरले. गोठ्यामागच्या गोबरगॅसच्या खड्ड्यात जे चालतं ते याच जातकुळीचं काम, आणि गाय रवंथ करते तेव्हा तिच्या पोटात चालतं तेही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत, माटुंग्याच्या कुष्ठरुग्णांच्या आश्रमात, मैल्यापासून असा वायू करून दिवे लावले होते. जगाने ज्यांना दाराबाहेर काढलं त्यांच्या विष्ठेतून तू उजेड काढलास. ही गोष्ट आमच्या एकाही आरतीत नाही.

वायू तयार होतो आणि वरची वाट धरतो. वाटेत तू त्याच्यासाठी एक युक्ती करून ठेवली आहेस. एवढ्या दाबाखाली आणि एवढ्या थंडीत पाण्याचे रेणू मिथेनभोवती पिंजरा बांधतात आणि गोठतात. त्याला हायड्रेट म्हणतात. असा एक घनमीटर बर्फ विरघळला तर सुमारे १६४ घनमीटर वायू मोकळा होतो. २००६ साली ‘जॉइडिस रिझोल्यूशन’ नावाच्या खोदकामाच्या जहाजाने याच खोऱ्यात छिद्रं पाडली, तेव्हा एका जागी हा बर्फ धरून बसलेला गाळ शंभर मीटरहून जाड निघाला. आणि काही झऱ्यांपाशी तर तो तळाखाली अवघ्या दोन-तीन मीटरवर आहे. नळीतून वर आणला की तो चरचरतो, फसफसतो; काडी लावली तर जळतो, आणि जळून झाल्यावर पाणी उरतं. असा जळणारा बर्फ मला एकदा डोळ्यांनी बघायला आवडेल. ही मागणी मात्र धरू नकोस, नुसती सांगून ठेवते.

कारण माझं मन बर्फापेक्षा जास्त रमतं ते त्याच्यावरच्या थरात बसलेल्या पहारेकऱ्यांत. ते दिसले फार उशिरा. २००० साली आंत्ये बोएटियस आणि त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या ओरेगॉन किनाऱ्यासमोरच्या, हायड्रेट रिज नावाच्या जागेतला चिखल सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. त्यात बारीक गोळे दिसले. आत आर्किया नावाचे सूक्ष्मजीव, शंभराच्या आसपास. त्यांच्याभोवती दुसऱ्या जिवाणूंचं कवच. आतले मिथेन खातात, बाहेरचे सल्फेटवर श्वास घेतात, आणि एकाच्या हातचं दुसऱ्याला मिळाल्याशिवाय दोघांनाही जगता येत नाही. तिथे प्राणवायूचा कण नाही. जी ऊर्जा मिळते ती इतकी थोडी, की तिच्यावर एकाचंही पोट धड भरू नये. ती हे दोघे वाटून घेतात. प्रयोगशाळेतला सुखवस्तू जिवाणू वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. यांना महिने लागतात. एवढ्या हळू जगणाऱ्यांच्या हाती तू केवढी जोखीम दिली आहेस! जगभरच्या समुद्रतळात बनणारा बहुतेक मिथेन हे जोडीदार गाळातल्या गाळात संपवतात.

भेगेतून जोराने सुटलेले बुडबुडे त्यांच्या हातून निसटतात, ते खरं. त्यांच्यासाठी तू वरच्या पाण्यात दुसरे जिवाणू ठेवलेस, जे प्राणवायू घेऊन मिथेन खातात. आणि हजार-दीड हजार मीटरची चढण बुडबुड्याला झेपतही नाही. वाटेत तो विरतो, पाण्यात मिसळतो, खाल्ला जातो. एवढ्या खोलीवरून निघालेला वायू हवेपर्यंत जवळजवळ पोचतच नाही. पोचता तर काय, हे आम्ही आता शिकलो आहोत: शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. नीळकंठाने एकदा हलाहल प्यायलं आणि त्याची कथा युगानुयुगं चालली. हे पहारेकरी रोज पितात. त्र्यंबकेश्वर आमच्या उशाशी आहे, म्हणून तुमच्या दोघांतला भेद मी मानत नाही. तुझ्याकडून त्याला सांग, की त्याचं काम तळात चालू आहे.

गाळातल्या त्या जोडीदारांच्या जेवणातून जे उरतं तेही तू टाकलं नाहीस. एक उरतं बायकार्बोनेट, ते समुद्रातल्या कॅल्शियमशी मिळून चुन्याचा दगड होतं. मऊ चिखलात जिथे पाय ठरू नये तिथे जिवांना बसायला फरशी तयार होते. दुसरा उरतो हायड्रोजन सल्फाइड, कुजक्या अंड्याच्या वासाचा. आम्हाला तो विष. तिथल्या शिंपल्यांना अन्न. मालवणात ज्या तिसऱ्यांचं सुकं करतात त्यांच्या दूरच्या नात्यातल्या या शिंपल्या गाळात पाय रोवून खालून सल्फाइड शोषतात, वरून पाण्यातला प्राणवायू घेतात, आणि दोन्ही नेऊन आपल्या कल्ल्यांत राहणाऱ्या जिवाणूंपुढे ठेवतात. जिवाणू रांधतात, शिंपली जेवते. शिनाण्यांच्या घराण्यातलेही आहेत तिथे, बारक्या गोगलगाई आहेत, आणि सिबोग्लिनिडी नावाच्या कुळातले किडे आहेत, ज्यांना मोठेपणी तोंड नाही आणि अन्ननलिकाही नाही. आमच्या संतांनी पोटाला केवढी दूषणं दिली, सगळी यातायात याच्यापायी म्हणून. तू एका जिवाला पोटापासून सोडवलंस आणि त्याला नेऊन कुठे ठेवलंस, तर चिखलात, दुसऱ्याच्या भरवशावर. यात तुझा काही टोमणा असेल तर तो मला पोचला.

एक विचारू? आमची बहुतेक मागणी उजेडाची असते. काकड्याला ज्योत, सांजेला दिवा, सकाळी सूर्याला अर्घ्य. अज्ञान म्हणजे काळोख आणि तू म्हणजे प्रकाश, हे आम्ही इतक्या वेळा म्हटलं आहे की तुझ्या काळ्या रंगाचाही आम्हाला विसर पडतो. त्या शिंपल्यांना तू कोणत्या रूपात भेटतोस? त्यांच्या अंधारात कमी काहीच नाही. भूक भागते, पिल्लं होतात, शेजार आहे. त्यांना उजेड दाखवायला आमचं यंत्र खाली जातं, तेव्हा आमच्या दिव्याचा त्यांना काही उपयोग होत असेल असं मला वाटत नाही.

तरी ‘सूर्यावाचून चालणारं जग’ असं जे या झऱ्यांबद्दल लिहितात, त्यांचं म्हणणं मला पुरतं पटत नाही. मिथेन ज्या पानांचा झाला ती पानं उन्हातच वाढली होती. शिंपली जो प्राणवायू घेते तोही वरच्या हिरव्या जिवांनी उन्हात सोडलेला. म्हणजे सूर्य तिथेही आहे, फक्त फार जुना, फार हातांतून गेलेला. माझ्या प्रार्थनेला हे बरं वाटतं. उजेड मागणं सोडायला नको. तो आपल्याला ओळखू येईल अशाच रूपात मिळावा, हा हट्ट सोडला की झालं.

आणि घाई सोडावी. मेक्सिकोच्या आखातात अशाच झऱ्यांवर नळीत राहणारे किडे आहेत, दोन मीटरहून लांब होतात आणि अडीचशे वर्षांपर्यंत जगतात असा अंदाज निघाला आहे. म्हणजे अहिल्याबाई महेश्वरच्या गादीवर होत्या तेव्हा जन्मलेला एखादा आज तिथे असू शकतो. तेवढ्या काळात आमच्या किती राजवटी आल्या आणि गेल्या. तो जागचा हललेला नाही.

झरे मात्र कायमचे नसतात, हेही तू दाखवून ठेवलं आहेस. जिवंत वस्ती सापडायच्या दहा वर्षं आधी, २००९ साली, याच खोऱ्यातून काढलेल्या गाळाच्या लांब नळीत मेलेल्या शिंपल्यांचे थर आणि मिथेनपासून झालेला चुन्याचा दगड मिळाल्याचं प्रसिद्ध झालं होतं. कधीकाळी तिथे झरा होता, वस्ती होती. वायू आटला, गाव उठलं. तुझ्या तळावरही ओसाड गावं आहेत. मराठवाड्याच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

आता तक्रार. तुझ्याविरुद्ध नाही, पण तुझ्यापुढेच करायला हवी.

तळातल्या त्या बर्फावर आमचा डोळा आहे. जपानने २०१३ च्या मार्चमध्ये नानकाई गर्तेत समुद्राखालच्या हायड्रेटमधून वायू काढून दाखवला. सहाव्या दिवशी विहिरीत वाळू आली आणि थांबावं लागलं. २०१५ साली ‘चिक्यू’ हे त्यांचंच जहाज आपल्या पूर्व किनाऱ्यासमोर शोध घेऊन गेलं, आपल्या सरकारच्या कार्यक्रमासाठी. आपल्याला लागणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी निम्म्याच्या आसपास आपण बाहेरून आणतो, आणि इथे घराखाली कोठार भरलेलं आहे असं कळल्यावर कुणाचं मन चळणार नाही? माझंही चळतं. सकाळचा चहा मी मिथेनवरच करते, नारायणा. पाइपच्या गॅसमध्ये दुसरं काय असतं. त्यामुळे हात लावू नका असं ओरडायचा माझा अधिकार अर्धाच आहे, आणि तो मी जपून वापरते.

शिवाय निवाडा वाटतो तितका सरळ नाही. कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ, कोल ऑइल पॉइंट नावाच्या जागी, उथळ समुद्रातून तेल आणि वायू आपोआप झिरपतात. तिथले चुमाश लोक तो किनाऱ्याला लागलेला डांबराचा चिखल आपल्या फळ्यांच्या होड्यांच्या सांध्यांत भरायचे. पाणी उथळ, त्यामुळे तिथला बराच मिथेन थेट हवेत जातो. १९८२ साली त्याच्यावर पोलादाचे दोन प्रचंड तंबू उपडे घालून तो वायू धरायची सोय केली. आणि १९९९ साली शास्त्रज्ञांनी असंही मांडलं, की जवळच्या फलाटावरून तेल काढल्यामुळे खालचा दाब उतरला आणि भोवतीची गळती कमी झाली. म्हणजे माणसाचा हात लागला की बिघडलंच, हा मंत्रही खरा नाही. भीतीचंही तसंच. आर्क्टिकमध्ये स्वालबार्डच्या पश्चिमेला समुद्रातून वायूचे अडीचशेहून जास्त फवारे निघताना दिसले, तेव्हा समुद्र तापल्याने बर्फ फुटू लागला अशी शंका आली. २०१८ च्या अभ्यासाने सांगितलं, की हिमयुगाचा भार उतरल्यावर तिथली जमीन हळूहळू वर उचलली जाते आहे, त्याने दाब कमी होतो, आणि हे त्यामुळे चाललं आहे. दोन्ही बाजूंच्या घाईपासून आम्हाला वाचव. तापमान वाढत नाही असं यातून कुणी काढू नये, एवढं मात्र बघ.

पण कृष्णा-गोदावरीचा तळ उथळ नाही आणि तिथला वायू हवेत चाललेला नाही. तिथे तुझे पहारेकरी बसले आहेत आणि तिथे वस्ती आहे. तिच्यातून यंत्र घालायचं तर आधी विचारणा व्हायला हवी. ती कुणाकडे करायची, हे मला कळत नाही, म्हणून तुझ्याकडे करते.

तर ऐक, काय हवं आहे ते.

त्या गोळ्यांतल्या आर्कियांना आणि त्यांच्या जोडीदारांना त्यांचं सल्फेट मिळत राहू दे. त्यांना माझी प्रार्थना कळण्याचं कारण नाही आणि तिची गरजही नाही, तरी करते. आपण ज्यांच्या पुण्यावर श्वास घेतो त्यांचं नाव घेतल्याशिवाय जेवू नये.

दोना पावलाच्या मंडळींना पुढच्या सफरीला जहाज मिळू दे, डिझेलला पैसे मिळू देत, आणि उपसागराला तेवढे दिवस वादळ येऊ देऊ नकोस. त्यांची नळी रिकामी वर येऊ नये. कुठे झरा आहे, कुठे नुसता बर्फ, कोणती शिंपली आणखी कुठेच नाही, हे त्यांना शोधून होईपर्यंत ज्यांच्या हातात सह्या आहेत त्यांचे हात थोडे जड कर. ती माणसं वाईट नाहीत. त्यांना उन्हाळ्यात विजेची मागणी दिसते, शिंपली दिसत नाही. एखादी रात्र त्यांच्या स्वप्नात ती पडद्यावरची ज्योत जाऊ दे.

उद्या खणायचंच ठरलं, तर उतार ढासळू देऊ नकोस. गाळाला तो बर्फ जागोजाग धरून आहे, हे खणणाऱ्यांना माहीत आहे. माहीत असलेलं ऐनवेळी आठवेल असं कर. गोदेच्या मुखाजवळच्या कोनसीमेच्या लोकांना वायूचं नुसतं नाव काढलं तरी १९९५ चा जानेवारी आठवतो. पासर्लपुडीला विहीर पेटली आणि ती आग ६५ दिवस जळत होती. नारळाच्या बागांवर दिवसा-रात्री एकच उजेड. असला उजेड पुन्हा दाखवू नकोस. त्यांच्या होड्या रात्री समुद्रावर जातात आणि सकाळी परततात, त्या परतू देत. खाली काय चाललं आहे याची त्यांना खबर नसली तरी तळ त्यांचाही आहे.

गोदेला थोडा गाळ पोचू दे. धरणं फोड असं म्हणत नाही, नाथसागराचं पाणी किती गावं पितात ते मला ठाऊक आहे. पण ज्या त्रिभुज प्रदेशात लोक भात लावतात तो गाळावाचून खचतो, आणि पुढच्या लाख वर्षांच्या जिवांसाठीही काही पानं जायला हवीत. आम्ही घाटावरून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून फुलं सोडतो. पिशवी कुणाच्याच पोटी पचत नाही, तुझ्या सगळ्यात जुन्या चाकरांच्याही नाही. त्या पिशवीचा पाप-पुण्याचा हिशेब तू वेगळा ठेवत असशील असं मी धरून चालते.

आणि आता घरचं मागते. मुंबईला देवनारच्या ढिगाऱ्यात तेच जीव काम करतात जे तळाखाली करतात: हवा तुटली, ओला कचरा दाबला गेला, मिथेन झाला. फक्त तिथे वर पहारेकरी नाहीत. २०१६ च्या जानेवारीत तो ढिगारा पेटला तेव्हा धूर उपग्रहातून दिसला आणि शाळा बंद ठेवाव्या लागल्या. समुद्राच्या तळाशी तू जी व्यवस्था केलीस तशी जमिनीवर केली नाहीस. ते काम आमच्यावर सोडलेलं दिसतं. आमच्या सोसायटीत खताचा खड्डा आहे, गोबरगॅससारखी छोटी टाकी बसवायचीही बोलणी चालू आहेत, वॉचमनकाकांच्या चहापुरता गॅस निघेल असं टाकीवाला सांगून गेला. अडलं आहे ते एवढ्यावरच, की चौथ्या मजल्यावरून रोज भाजीची देठं आणि दुधाच्या पिशव्या एकाच डब्यात येतात. मी दोनदा वर जाऊन आले, कमिटीने नोटीस लावली, मुलांनी रंगीत चित्रं काढून जिन्यात चिकटवली. तेवढी चौथ्या मजल्याला बुद्धी दे. टाकीवाला गुरुवारी येणार आहे.